एकशे वीस आणि दहा

आमच्या गल्लीत माणूस एका ओळीत संपवतात. अमका दारुडा. तमकी नवऱ्याला सोडून आलेली. हिलालनानाच्या वाट्याला आलेली ओळ अशी: ‘त्यानं धुरपदाबाईचा वाल्मिक मारला.’

ओळ अगदीच खोटी असती तर मी एकेकाची गचांडी धरून ती बदलून घेतली असती. पण ती अर्धी खरी आहे, आणि अर्धं खरं खोडता येत नाही, पुरं करावं लागतं. नाना जाऊन आता दीड वर्ष होईल. त्याच्या दहाव्याला मोजून सात माणसं होती. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

हिलाल दगा पाटील, अमळनेरकडचा. सुरतेत आला तेव्हा वय एकोणीस आणि अंगात एकच कला, बैलाला वेसण घालायची. इथे बैल कुठे? उधन्याला लूमवर लागला. बारा बारा तास खटखट ऐकून दोन वर्षांत त्याचा डावा कान अर्धा गेला. “उजवा जायच्या आधी एखादा बरा आवाज तरी ऐकून घेऊ,” म्हणून त्यानं जुना ट्रान्झिस्टर घेतला. तो आठव्या दिवशी बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं उघडला, आत काहीतरी डाग दिला, चालू केला. हिलालनं विचारलं, “काय झालं होतं?” तो म्हणाला, “तारे शुं काम छे? तू तारी लूम चलाव.” तुला काय करायचंय, तू तुझा माग चालव.

त्या एका वाक्यानं हिलालला कारागीर केलं. चौक बाजारातल्या जुन्या सामानातून त्यानं रेडिओ दुरुस्तीचं एक हिंदी पुस्तक उचललं. पुस्तकाची पहिली पंचवीस पानं गायब होती, म्हणून त्याचं शिक्षण थेट रेझिस्टन्सच्या धड्यापासून सुरू झालं. भाताच्या शितासारखा तुकडा, दोन्ही बाजूंना तारेचे पाय, अंगावर रंगाचे चार पट्टे. शाळेतून सातवीत पळालेला माणूस त्या एका धड्यावर चार महिने बसला. बायको प्रमिलाबाई शेजारणींना सांगायची, “माझ्या सवतीला चार पट्टे आहेत गं बाई. रात्रंदिवस तिचेच पाय सरळ करत बसतो.”

सत्त्याऐंशी साली लूम सोडून त्यानं भेस्तानला पत्र्याचा गाळा घेतला. रेडिओ, टीव्ही, स्टॅबिलायझर. मग कापड रंगवणाऱ्या मिलांमधले विजेचे पॅनल. डिग्रीवाला इंजिनीअर मुंबईहून यायला तीन दिवस लावायचा, नाना सायकलवर अर्ध्या तासात. मिलवाले त्याला ‘हिलालभाई’ म्हणायचे, पण मिलच्या कुठल्याही कागदावर त्याचं नाव नसायचं. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं. मी त्या दिवसांत कामगारांचे अर्ज लिहायचो, गेटावर भांडायचो. त्याला मी शंभरदा म्हटलं, “नाना, केलेल्या कामाची चिठ्ठी घेत जा.”

तो म्हणायचा, “रघुनाथ, काम चालू झालं हीच चिठ्ठी.”

त्याचा एक नियम मात्र अख्ख्या भेस्तानला ठाऊक होता. कामं दोन जातींची, पक्कं आणि कच्चं. भाग मिळत नाही, मशीन अडून बसलंय, तेव्हा काहीतरी जोडून दोन दिवस ढकलायचं ते कच्चं. कच्चं केलं की नाना त्या जागी लाल कापडाची चिंधी बांधायचा. चिंधी दिसते तोवर हात जपून लावायचा. पक्कं काम झालं की स्वतः येऊन ती सोडायचा आणि खिशात घालून न्यायचा. चिंधी विसरून आलेला नाना मी कधी पाहिला नाही.

चौऱ्याण्णवचा प्लेग इथल्या कुणाला सांगायला नको. निम्मं शहर स्टेशनावर, तोंडाला फडकी. आठ-दहा दिवसांत भीती ओसरली, पण माणसं काही लगेच परतली नाहीत. दिवाळी महिन्यावर आलेली, बाजारातून मालाची ओरड, आणि चलथाणच्या रस्त्यावरच्या एका रंगाच्या मिलमध्ये बारा मशीनवर जेमतेम पाच मशीनचे गडी. मिलचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या मलाच नोटीस येईल, आणि कोर्टाच्या पायऱ्या मी पुष्कळ झिजवल्यात.

तिथल्या चार नंबर मशीनचं झाकण उघडेना.

हे मशीन म्हणजे मोठं बंद पिंप. आत कापड, रंग आणि पाणी. पाणी वाफेच्या दाबाखाली एकशे तीस अंशांपर्यंत तापवतात. ते थंड होऊन ऐंशीच्या खाली आल्याशिवाय झाकणाचं कुलूप सुटत नाही. पाणी किती गरम आहे हे कुलपाला सांगायला आत एक सेन्सर, आणि तोच आकडा वर, झाकणापासच्या डब्यात, लाल अक्षरांत दिसतो. तो सेन्सर तुटला होता. कुलपाला आतून काहीच खबर येईना, म्हणून ते बंदच. कापड आत अडकलेलं.

नाना गेला. म्हणाला, “सेन्सर नवा लागेल.”

रंगाचं सगळं बघणारा डाईंग मास्तर म्हणाला, “मुंबईवाला हमणां सुरतचं पार्सल हातात धरत नथी. काम चलावो ने, हिलालभाई. चार दहाडा, बस, चार दिवस.”

“हे चालवायचं काम नाही. हे झाकणाचं कुलूप आहे.”

“तो आ माल तमे पहेरशो?” आत अडकलेला माल मग तूच नेसणार का, म्हणून मास्तर हसला. गडीही हसले. मग तो जवळ येऊन हळू म्हणाला, “तारा गामना माणस छे. मशीन बंद, तो एमनी पाळी बंद. विचार करी ले.”

इथे नानानं नाही म्हणायला हवं होतं. मी हे त्याच्या तोंडावर म्हटलंय, म्हणून इथेही लिहितो.

त्यानं दोन रेझिस्टन्स काढले. एक एकशे वीस ओहमचा, एक दहाचा. एकामागे एक जोडले, मीटरवर मोजले, एकशे तीस बरोबर. ते सेन्सरच्या जागी बसवले. वरच्या डब्यात आकडा आला, अठ्ठ्याहत्तर. कुलूप खट्‌ करून सुटलं. आता आत पाणी उकळो की गोठो, त्या डब्यात अठ्ठ्याहत्तरच दिसणार होतं.

त्या मशीनवर दोन गडी होते, आमच्या गल्लीतला भिकन आणि एक ओडिया. नानानं दोघांना झाकणापाशी उभं केलं. “हा आकडा मेलेला आहे. याच्याकडे बघायचंच नाही. खाली उतरायचं, मोठ्या पॅनलवरचा गरमीचा काटा बघायचा, तो वेगळा आहे, मग झाकण. काय सांगितलं? परत म्हण.” भिकननं परत म्हटलं. ओडियानंही म्हटलं. नानानं झाकणाच्या दांड्याला लाल चिंधी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि सायकलवर बसला.

चार दिवसांनी तो विचारायला गेला. सेन्सर आला नव्हता. आणखी तीन दिवसांनी गेला. मास्तर रंगाच्या शेडवरून कुणाशी तरी भांडून बसला होता, तो नानावर उखडला. “रोज रोज शुं पूछे छे? मशीन तारुं छे के मारुं?”

नाना तिथून निघाला तो परत गेला नाही. इतका अभिमान त्याच्यात होता. आमच्या लोकांत अभिमान दाखवायला जागा कमी, म्हणून जिथे दाखवू नये नेमका तिथे दाखवतात.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला सुरतेत काय होतं ते माहीत असेलच. लूम धुतात, मशीन पुसतात, कुंकू, झेंडू, पेढा. त्या मिलमध्ये मास्तरनं कापडाचा एक लाल ताका फाडला आणि बाराच्या बारा मशीनच्या दांड्याला पूजेची पट्टी बांधायला लावली. चार नंबरच्या दांड्याला आधीच लाल होतं. पुसणाऱ्यानं ते नीट सरळ केलं, वर आणखी एक पट्टी बांधली, हार घातला. कुणी काही सोडलं नाही, कुणी काही लपवलं नाही. फक्त दसऱ्याच्या दुपारी त्या मिलमध्ये बारा मशीन होती आणि बाराही मशीनवर लाल कापड होतं.

त्याच दुपारी नाना आपल्या गाळ्यात मीटरला लाल धागा बांधून पूजा करत होता. मिलमधून आलेला पेढा त्यानं खाल्ला. “हात तेव्हा थांबायला पाहिजे होता रे,” मला म्हणाला होता. “माझ्याच हातात लाल धागा, आणि मला आठवलं नाही.”

वाल्मिक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाहून आला. धुरपदाबाईचा एकुलता एक, तेविसावं चालू. प्लेगच्या भीतीनं आईनंच त्याला गावी पाठवलं होतं आणि आईनंच परत बोलावलं, मिलमधली जागा जाईल म्हणून. तो आधी सात नंबरवर होता. भिकनला त्या दिवशी दुसरीकडे लावलं होतं, ओडिया गडी बाजारात गेलेला. मास्तरनं वाल्मिकला चारवर उभं केलं.

दुपारी तीनच्या सुमाराला पाणी थंड करायची वेळ. वाल्मिक वर चढला. आकडा अठ्ठ्याहत्तर. ऐंशीच्या खाली म्हणजे उघडायचं, हे त्याला पाठ होतं, तीन वर्षांचा हात होता त्याचा. दांड्यावर लाल पट्टी, तशी ती सगळ्याच दांड्यांवर होती. त्यानं दांडा फिरवला. आत पाणी अजून शंभराच्या वर होतं.

पुढचं लिहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्यातले दोघं तिसऱ्या दिवशी काम सोडून गेले.

पाच दिवस तो मोठ्या दवाखान्यात होता. केळीच्या पानावर ठेवलेला. बोलता येत होतं तोवर आईला एकच सांगत होता, “माय, अठ्ठ्याहत्तर व्हतं.” सहाव्या दिवशी गेला.

मिलनं लिहून दिलं, कामगारानं घाई केली, गरम असताना झाकण उघडलं. गल्लीनं तेच उचललं. आमची गल्ली मालकाचं कुठलंही वाक्य फुकट वापरते. “पोरगा गावाहून आला होता, लक्ष ठिकाणावर नसेल.” “लगीन ठरत होतं म्हणे.” एकानं तर हसून सांगितलं, “लहानपणापासून धांदरट.” धुरपदाबाई दारोदार जाऊन एकच म्हणत होती, “मना पोऱ्यानी आकडा देखा व्हता. तो आंधया नव्हता.” लोक मान हलवायचे आणि ती वळली की एकमेकांकडे बघायचे.

ती माझ्याकडे आली. मी नेहमीसारखा कागद ओढला, भरपाईचा अर्ज सुरू केला. तिनं माझा हात धरला.

“माले पैसा नको. त्यानी चूक नही, इतलंच लिखी द्या.”

चौकशीची तारीख दोन आठवड्यांवर होती. सरकारी साहेब मिलमध्येच येणार होते. मी म्हातारीला म्हटलं, “माय, लिहूनच आणतो.” असं बोलायची मला सवय आहे.

आकडा खोटा होता हे सिद्ध करायचं, तर आकड्यातलं कळणारा माणूस पाहिजे. तो माणूस भेस्तानला गाळ्यात बसलेला. मी काहीही माहीत नसताना नेमका त्याच्याकडे गेलो.

“नाना, पॅनलवरचा आकडा खोटं बोलू शकतो का?”

तो एका टीव्हीत वाकला होता. वर पाहिलं नाही. तसाच म्हणाला, “आधी रेझिस्टन्स शीक.”

“मला कारखाना नाही काढायचा. हो की नाही सांग.”

“उद्यापासून ये. तिथं साहेबानं उलट विचारलं तर तोंड वासून बसशील.”

मी चिडलो, पण गेलो. त्याच्या गाळ्यात खोक्यावर बसून मी ते शिकलो. इतकं सोपं मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यानं मिलचं गेट उदाहरणाला घेतलं. “पाळी सुटली. सगळ्यांना बाहेर पडायचंय. मागून रेटा आहे, तो व्होल्टेज. जी माणसं बाहेर पडतात, तो करंट. आणि गेट जितकं अरुंद, तितका रेझिस्टन्स. रेटा तोच ठेव, गेट अरुंद कर, माणसं कमी सुटतील. तेवढंच त्याचं काम. करंट अडवायचा, पुढच्या भागाला झेपेल एवढाच सोडायचा. हा छोटा लाल दिवा बघ. तसाच बॅटरीला लावला तर डोळा मिटायच्या आत जळेल. मध्ये रेझिस्टन्स टाक, वर्षानुवर्षं जळतो.”

“आणि अडवलेली ताकद कुठं जाते?”

नाना पहिल्यांदा हसला. “अरुंद गेटात माणसं घासली की काय होतं? गरम होतं. रेझिस्टन्स पण गरम होतो. किती गरमी सोसेल ते वॅटवर. हा शिताएवढा पाव वॅटचा, फार रेटलं तर काळा पडतो. तो पांढरा जाडा बघ, दहा वॅटचा. त्याला रेटा सोसायलाच जन्माला घातलाय.”

दुसऱ्या दिवशी रंग. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा सांगतो पुढं शून्यं किती. शेवटचा सोनेरी म्हणजे शंभरात पाच इकडे-तिकडे. “छापलंय ते आणि आहे ते यात फरक असतो. म्हणून मी मोजल्याशिवाय लावत नाही.” मी एक उलटा धरून वाचला. त्यानं माझ्या हातातून घेतला, फिरवला. “सोनेरी उजव्या हाताला. टोक चुकलं की सगळंच चुकतं. तुझ्यासारखे सगळे आधी चुकतात.”

तिसऱ्या दिवशी जोडणी. एकामागे एक दोन गेटं म्हणजे अडथळ्याची बेरीज. शेजारी-शेजारी दोन गेटं म्हणजे माणसं दोन्हीकडून सुटतात, अडथळा एकट्या गेटापेक्षाही कमी. हे सांगताना त्याची बोटं भराभर चालायची, आणि मधेच कुठेतरी थांबायची. प्रमिलाबाई चहा घेऊन आली, त्याच्याकडे बघून म्हणाली, “जेवत नाहीत हे आठ दिवस. तुम्ही तरी सांगा, भाऊ.” मला वाटलं, वाल्मिकचं दुःख. गल्लीतला पोरगा, यालाही नानाच म्हणायचा.

चौथ्या दिवशी त्यानं शटर अर्धं ओढलं.

“सेन्सर म्हणजे काय, सांगतो. तोही रेझिस्टन्सच. आत बारीक तार असते, गरमीनं तिचा अडथळा वाढतो. बर्फात शंभर ओहम. जसं तापेल तसं वर. डबा फक्त ओहम मोजतो आणि तक्त्यात बघून अंश दाखवतो. त्याला आतलं पाणी दिसत नाही. त्याला ओहम दिसतात.” त्यानं एक मळका छापील तक्ता माझ्यापुढे सरकवला. मग आगपेटी उघडून दोन रेझिस्टन्स काढले, पाय एकमेकांना पिळलेले, टोकाला जुना कथलाचा डाग. “वाच.”

मी सोनेरी उजवीकडे धरला. तपकिरी, लाल, तपकिरी. “एक, दोन, पुढं एक शून्य. एकशे वीस.”

“दुसरा.”

“तपकिरी, काळा, काळा. दहा.”

“एकामागे एक आहेत.”

“एकशे तीस.”

“तक्त्यात बघ.”

मी बोट फिरवत गेलो. एकशे तीसपाशी बोट थांबलं. समोर अठ्ठ्याहत्तर.

मला दोन क्षण आनंद झाला, हेही लिहितो. पुरावा हाती लागला म्हणून. “कुठं सापडले तुला?”

“सापडले नाहीत. मीच लावले होते. वाल्मिकला दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी मास्तरनं माणूस पाठवला. नवा सेन्सर टेबलावर तयार. मीच हे काढले.”

मी त्याचा मीटर उचलून जमिनीवर आपटला. काच तडकली. आई-बहिणीवरून जे येत होतं ते सगळं बोललो. तो ऐकत बसला, चांगला कान माझ्याकडे करून. मग मी ओरडलो, “चार दिवस मला गेटं न्‌ रंग शिकवत बसलास! पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

“तुला कळलं नसतं,” तो म्हणाला. “शिव्या याच घातल्या असत्यास. पण मी नेमकं काय केलं ते कळलं नसतं. कुणाला तरी कळायला पाहिजे होतं.”

मग त्यानं चिंधीचं सांगितलं, दसऱ्याचं सांगितलं, पेढ्याचं सांगितलं. शेवटी विचारलं, “मी बोललो तर म्हातारीचं काम होतं?”

“होतं.”

“आणि माझं?”

मी छाती ठोकून म्हणालो, “तू बोल. मास्तरनं लावायला सांगितलं हे मी बाहेर काढतो. भिकन आहे, ओडिया आहे. तू एकटा नाहीस.”

ओडिया गडी तोवर गावी निघून गेला होता. भिकन ‘हो’ म्हणाला होता. गल्लीत मिलनंच दिलेल्या खोलीत राहणाऱ्या माणसाचं ‘हो’ किती ओहमचं असतं, ते मला मोजता यायला हवं होतं.

चौकशीच्या दिवशी नाना धुतलेला सदरा घालून आला. साहेबांपुढे त्यानं झाकणापासचा डबा उघडला, सेन्सरच्या तारा सोडल्या, तडकलेल्या काचेच्या मीटरवर ते दोन तुकडे मोजून दाखवले, मग तारांना जोडले. लाल अक्षरांत अठ्ठ्याहत्तर. पाणी भरलेलं नव्हतं, पिंप रिकामं आणि गार होतं. साहेबांनी पिंपाला हात लावून पाहिला, मग आकडा पाहिला. धुरपदाबाई खाली कोपऱ्यात उभी होती. तिला आकडा वाचता येत नव्हता. तिनं मला विचारलं, “तेच शे का?” मी म्हटलं, “तेच, माय.”

खाली येऊन टेबलाशी बसत साहेबांनी विचारलं, “हे कोणी लावलं?”

“मी.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“मास्तरच्या.”

मास्तर दोन्ही हात जोडून म्हणाला, “साहब, मैं तो रंग का आदमी. मैंने कहा, देख लो. ये रेझिस्टन्स-फेझिस्टन्स मेरे को क्या मालूम?”

झालं. माझं डोकं फिरलं. मी टेबल ओलांडून त्याच्या अंगावर गेलो. दोघांनी मला धरलं, साहेब म्हणाले, याला बाहेर काढा. मला बाहेर काढलं. मी गेटाबाहेर उभा असताना आत भिकनला विचारलं गेलं. तो म्हणाला, मला काही माहीत नाही. त्याला उलट विचारणारा कुणीच आत नव्हता. मास्तर म्हणाला, मी सांगितल्याची चिठ्ठी दाखवा. चिठ्ठी नव्हतीच.

अहवालात वाल्मिकबद्दल एक वाक्य आलं: कामगारानं दर्शविलेला आकडा पाहूनच झाकण उघडलं, त्याची चूक दिसत नाही. पुढचं वाक्य असं की, खासगी दुरुस्ती करणाऱ्या इसमानं परस्पर बसवलेल्या भागामुळे आकडा चुकीचा होता. मास्तर, मालक, पार्सल, दिवाळी, काहीही नाही. ते दोन तुकडे साहेबांनी पाकिटातही घातले नाहीत. “हे काय ठेवायचं,” म्हणून नानालाच परत दिले.

मी गल्लीत तो कागद मोठ्यानं वाचला. धुरपदाबाईनं पहिलं वाक्य तीनदा वाचायला लावलं. दुसरं वाक्य मी एकदाच वाचलं, पण गल्लीला एकदा पुरतं. वाल्मिकवरची ओळ उठली आणि त्याच दिवशी नानावर बसली.

चार दिवसांनी म्हातारी त्याच्या गाळ्यावर गेली. मी तिच्या मागे होतो, काही होईल या भीतीनं. नाना उठून उभा राहिला. ती म्हणाली, “दखाड.”

त्यानं आगपेटी उघडून तिच्या तळहातावर ते दोन तुकडे ठेवले. तिनं हात डोळ्यांजवळ नेला. उन्हात धरला. त्यावरचे पट्टे अंगठ्यानं पुसायला गेली, घाण लागलीय असं वाटून.

“इतलंसंच?”

“हो माय.”

मला वाटलं थुंकेल, शाप देईल. नानालाही तेच हवं असावं, तो तसा मान पुढे करून उभा होता. तिनं पदराच्या टोकात ते दोन तुकडे ठेवले, गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली. आणि त्याच्याकडे न बघता पायरी उतरली. त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही.

नानावरची पोलीस केस वर्षभर चालली आणि कुठेच न पोचता थांबली. मिलांनी बोलावणं बंद केलं. गाळ्यावर जे कोण यायचे त्यांना तो कच्चं काम करून द्यायचा नाही. भाग नाही तर काम नाही. स्टॅबिलायझरसाठी सुद्धा. लोकांना तेवढा धीर कुठला? शहाण्णवला गाळा गेला. कामरेजला एका पाण्याच्या पंपवाल्याकडे जळालेल्या मोटारींना तार गुंडाळायला लागला, बसनं जायचा यायचा. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात काविळीनं गेला. प्रमिलाबाईनं मला तडकलेल्या काचेचा मीटर आणून दिला. “तुमच्याच हातनं फुटला होता,” म्हणाली. टोमणा होता की निरोप, मला कळलं नाही. मीटर अजून चालतो.

दहाव्याच्या दिवशी धुरपदाबाई आली नाही. मी वाट पाहिली होती. संध्याकाळी तिच्या दारावरून जाताना ती उंबऱ्यात बसलेली दिसली. पदराला गाठ होती. चार वर्षांत लुगडी बदलली असतील, गाठ दर वेळी नवी मारली असेल.

मी थांबलो. म्हटलं, “माय, नाना गेला.”

“माले म्हाईत शे,” ती म्हणाली. मग, “तो बोलना नसता त माले कोनी सांगं नसतं.”

गल्लीत तेव्हा पाच-सहा माणसं होती. ती हळू बोलली. माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही.